तिसरी राणी

बाबूरावांनी कपाटातले लोकरीचे कपडे बाजूला केले आणि त्यांचा हात तिथेच थबकला. काचेची नळी जागेवर होती, पण तिच्या तोंडाशी कापसाचा बोळा नव्हता आणि आत एकही मुंगळा नव्हता.

सांवेर रोडच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवलेल्या या माणसाला निवृत्तीनंतर मुंगळे पाळायचा नाद लागला होता. पंख झडलेली राणी धरायची, नळीत तळाशी पाणी, तोंडाशी कापूस, आणि अंधारात ठेवून द्यायची. मग काहीच करायचं नाही. तेच अवघड. पहिल्या राणीची नळी ते रोज काढून बघत; तिने वैतागून आपलीच अंडी खाल्ली. दुसरीच्या नळीत बुरशी धरली. या तिसरीने मात्र आठ कामकरी मुंगळे वाढवले होते. बाबूराव मन मारून आठवड्यातून एकदाच बघत.

"अगं, माझी नळी कुणी उघडली?"

"मीच," प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मंगळवारी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ना? पंडितजी म्हणाले, शनिवारी चींटियों को आटा-शक्कर डालो. आज डालायला निघाले, तर मनात आलं, बाहेरच्यांना आटा आणि घरातले कोंडून? दिले सोडून बिचारे. कडुलिंबाखाली, त्यांच्या जातभाईंत."

"कसले जातभाई! दुसऱ्या वारुळाचे आहेत ते. परकी राणी दिसली की फाडतात!"

"लो! इतका आटा टाकलाय, भांडतील कशाला?"

बाबूराव चपला न घालताच अंगणात धावले. बुंध्याशी पांढरा ढीग आणि त्यात काळी वळवळ, एवढंच त्यांना दिसत होतं. खिशातलं भिंग लावलं, तरी सगळं धुरकट. तीन वर्षांची खटपट मातीत गेली होती. बायकोवर ओरडावं, तर तिने केलं ते यांच्याच डोळ्यांसाठी. त्यांनी दात-ओठ खाल्ले आणि मागोमाग आलेल्या तिच्यापुढे भिंग धरलं.

"तू बघ. सगळ्यांत मोठी. आहे का?"

प्रमोदिनीबाई पदर खोचून वाकल्या. "आहे की! हलतेय बघा!"

"स्वतः हलतेय, की बाकीचे ओढतायत?"

बाईंनी भिंग आणखी खाली नेलं.

"बोल की!"

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तिचं डोकं कुठाय?"