कोंडाजींचा टीव्ही

“बाबा, हात नका लावू हं. प्लग काढलाय, तरी आत करंट राहतो थोडा वेळ,” टीव्हीचं मागचं झाकण काढताना शेजारची छाया बोलून गेली आणि ओशाळली. लकव्याने उजवी बाजू आणि वाचा गेलेले कोंडाजी खाटेवरून काय हात लावणार होते!

टीव्हीचा लाल दिवा लुकलुकायचा, आत टिकटिक व्हायची, पडदा मात्र काळाच. गंगापूर रोडच्या दुकानदाराने सांगितलं होतं, पॉवर सप्लायचं कार्ड गेलंय, आता मिळत नाही, नवीन घ्या. कोंडाजींची बायको कुसाबाई फुलं तोडायला मळ्यात गेली की नवऱ्याला सोबत तेवढ्या टीव्हीचीच. म्हणून सकाळीच ती तडक छायाच्या दारात उभी राहिली होती.

“तू अंबडला कंपनीत हीच कार्डं बनवायची ना?”

“मावशी, मी नुसतं सोल्डरिंग करायचे. बिघाड शोधणारे वेगळे होते.”

“हात तर तुझाच फिरायचा ना त्याच्यावर? बघ की मग.”

कंपनीने ते काम दुसऱ्या राज्यात हलवल्यापासून छाया घरीच होती. ‘आता आराम कर’ असं सगळेच म्हणाले. तिच्या हातांना काय येतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

कार्डावरचा एक कपॅसिटर फुगलेला दिसला. तिने तो बदलला, काही चुकलंच तर कार्ड जळू नये म्हणून वायरीत मधे एक साधा बल्ब जोडला आणि बटण दाबलं. पुन्हा तीच टिकटिक. छायाचा चेहरा उतरला.

“ऱ्हाऊ दे पोरी. लय केलंस,” कुसाबाई म्हणाली.

“अं… अं!” कोंडाजी खाटेवरून ओरडले. त्यांनी डावा हात जोरात हलवला. थांबू नकोस, असं ते सांगत होते.

छायाने करंट तपासायचा मीटर हातात घेतला. एकेक डायोड तपासत गेली. चांगला डायोड एकाच बाजूने करंट सोडतो, पण एकाला मीटर दोन्ही बाजूंनी वाजला. त्याचा एक पाय कार्डापासून सोडवून पाहिलं, तरी वाजलाच; म्हणजे बिघाड त्यातच होता. ती स्कूटीवरून गावात गेली, त्याच नंबरचा डायोड घेऊन आली. सोल्डरचा डाग देताना हात जराही कापला नाही.

बल्ब क्षणभर पेटून मंदावला, म्हणजे आता कार्ड ठीक होतं. टिकटिक थांबली. पडद्यावर कुस्तीचं मैदान उजळलं आणि हलगीच्या आवाजाने घर दणाणलं.

“मावशी, तुम्ही आलात म्हणून माझ्या हातांना काम मिळालं,” म्हणताना छायाचे डोळे भरले.

“अगं, उपकार तू केलेस अन् रडती कशाला?” कुसाबाईने पदराने स्वतःचेच डोळे टिपले.

घरी स्वयंपाक व्हायचा होता. छाया चप्पल घालायला वळली, तेवढ्यात खाट करकरली. कोंडाजी डाव्या कोपरावर जोर देत, धापा टाकत, भिंतीकडे सरकत होते. मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी हळूच थापटलं.

छाया खाटेच्या कडेला टेकली. दोघं कुस्ती बघू लागले.