घंगाळातली रांगोळी

चैत्रात गौर झोपाळ्यात बसली की तिच्यापुढं घंगाळभर पाणी ठेवून त्यावर रांगोळी काढायची, ही आमच्या वाईच्या घरची रीत. मला ती सासूबाईंनी शिकवली. आधी दारं लोटायची, वारा नको. पाणी संथ झालं की कोळशाची वस्त्रगाळ पूड वरून भुरभुरवायची. पाण्यालाही दुधासारखी साय असते, दिसत नाही एवढंच. तिच्यावर पूड तरते आणि पुडीवर रांगोळी. हाताला तेल नको, रिठा तर नकोच नको. रिठ्याचं बोट लागलं की तिथली साय सैल पडते, भोवतालची तिला कडेकडे ओढते आणि अख्खं चित्र फाटतं.

आरतीपर्यंत रांगोळी टिकली तर गौर घरात सुखी आहे, मोडली तर तिला दुसरं घर हवंय, असं आमच्याकडे मानत.

दुष्काळ सरला होता, आंब्याला पुन्हा कैऱ्या धरल्या होत्या, त्या वर्षीची ही गोष्ट. शुक्रवारी हळदीकुंकू होतं. धाकटी जाऊ क्षमा आदल्या दिवशीच सांगलीहून आली होती. भावजींची नोकरी तिकडे. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड निऱ्या घालता येत नव्हत्या. तिची दोन्ही बाळंतपणं मी केली. ही रांगोळीही तिला मीच शिकवली. गौर सांगलीला न्यावी असं ती अलीकडे बोलून दाखवायची. सासूबाई म्हणायच्या, "गौरीच्या मनात असेल तसं होईल."

मला मूल नाही. पहाटे उठून त्या वीतभर पितळी मूर्तीला न्हाऊ घालायचं, पुसायचं, कुंकू लावायचं, तिथून माझा दिवस उजाडायचा. ती गेली तर उठायचं कुणासाठी, ही एकच धास्ती मनात होती.

चैत्रातल्या शुक्रवारी माझं मौन असतं, उठल्यापासून देवापुढं सांजवात लागेपर्यंत.

दुपारी कमळ काढून झालं. बायका जमल्या. दूध घालणाऱ्या शालूबाई घंगाळावर वाकून म्हणाल्या, "काकी, ह्ये बुडत कसं न्हाई वं?"

"त्या नाही बोलायच्या आज," क्षमा हसून म्हणाली. "मौन आहे त्यांचं."

"लय अवघड, बाई. माझं तर वासरूबी बोलल्याबिगर ऐकत न्हाई."

बायका हसल्या. क्षमा आत गेली आणि गौरीची नथ घेऊन आली. ती नथ सकाळपासून वाटीत रिठ्याच्या पाण्यात पडली होती. एका हातानं ती गौरीला नथ घालू लागली, दुसरा हात तिनं घंगाळाच्या काठावर टेकला. मग एक बोट पाण्यात घातलं. चुकून लागलं असतं तर तिनं ते झटकन काढलं असतं. ते तिथंच राहिलं.

कमळ मधोमध उसवलं. पाकळ्या काठाकडे धावल्या, मध्ये नुसतं काळंभोर पाणी उरलं.

"अगंबाई, गौर रुसली," कुणीतरी हळूच म्हणालं.

मी क्षमाचं मनगट धरलं आणि तिचं ओलं बोट सासूबाईंपुढं केलं. सासूबाई म्हणाल्या, "बघा, थोरली आपणहून तिचा हात पुढं करतेय." आणि त्यांनी झोपाळ्यातली गौर उचलून त्याच हातावर ठेवली.

मी तोंड उघडायचाच अवकाश होता. शब्द दातांपर्यंत आले. पण नेम या गौरीपुढंच धरलेला. तो मोडून तिला ठेवून घेतली असती, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं तिला न्हाऊ घालणार होते? क्षमानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत भीती नव्हती. मी बोलणार नाही याची तिला खात्री होती. माझ्या नेमावर इतका विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता.

ऊन कलताना ती सांगलीच्या एस.टी.त बसली. मांडीवर गौर, भोवती माझ्याच लग्नातल्या शालूची घडी. निघताना वाकून नमस्कार करून गेली.

सांजवात लावली आणि मी पहिल्यांदा बोलले. "आई, तिच्या बोटाला रिठा होता."

सासूबाई तबकात निरांजन ठेवत होत्या. "मला दिसलं," त्या म्हणाल्या.

"दिसलं?"

"डोळे अजून शाबूत आहेत माझे." त्यांनी कापूर शोधला. "तिच्या घरात लेकरं आहेत, उमा. पुढं कोण करणार सगळं? इथं तुझ्यामागं कोण आहे?"

"मग मला सांगायचं होतंत. मी माझ्या हातानं दिली असती."

"दिली असतीस गं. पण गावातल्या बायका मला बोलल्या असत्या. थोरलीकडून काढून धाकटीला दिली म्हणाल्या असत्या. आता कुणी काही म्हणायचं नाही. गौरीचीच इच्छा."

मला क्षमाचा राग आला होता, तो त्या क्षणी कुठं गेला कळलं नाही. ती धाकटी होती, हावरी होती. पण ज्यांनी मला देवापुढं हात जोडायला शिकवलं, त्या माझ्यासमोर देवीच्या तोंडी आपला शब्द घालत होत्या.

"चल, आरतीची वेळ झाली," त्या म्हणाल्या.

झोपाळ्याला मोगऱ्याच्या माळा तशाच होत्या. आत नुसता पाट होता.

"कुणाची आरती, आई?" मी विचारलं.

त्यांनी कापूर पेटवला होता. तो तबकात जळत राहिला, आणि मी हात जोडले नाहीत.