एल्कसाठी १८० ग्रेन

टेबलावर काडतुसांच्या पितळेच्या वीस रिकाम्या पुंगळ्या, बंदुकीच्या दारूचा एक डबा आणि गोळ्यांच्या दोन पेट्या होत्या: एक १८० ग्रेन वजनाच्या गोळ्यांची, दुसरी १३०ची. इंगानं हलक्या गोळ्यांची पेटी पुढे ओढली.

"बाबा, याच भरते. खांद्याला धक्का कमी बसेल."

तिच्या वडिलांच्या, आर्विडच्या, उजव्या खांद्यातली गाठ काढून चार महिने झाले होते.

"हलकी गोळी एल्कसारख्या थोराड हरणाच्या हाडावर फुटते," तो म्हणाला. "मग ते जनावर दोन-दोन दिवस डोंगरात तडफडत मरतं. माझा खांदा वाचावा म्हणून?"

"हट्टी आहात."

"आणि तू कुणावर गेलीस?"

नियम त्यानंच घातलेला होता. ऑक्टोबरात मोठ्या पुठ्ठ्यावर नऊ इंच व्यासाची कागदी थाळी टाचायची, शंभर यार्डांवरून तीन गोळ्या झाडायच्या. एक जरी थाळीबाहेर गेली, तर त्या वर्षी शिकार नाही. बारा वर्षांच्या इंगाला त्यानं याच नियमानं घरी ठेवलं होतं, आणि ती दोन दिवस जेवली नव्हती.

इंगानं १८०च्या तीन गोळ्या भरल्या. प्रत्येक वेळी दारू दोनदा तोलली.

शंभर यार्डांवरून दुसरी गोळी झाडल्यावर आर्विड बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकून बराच वेळ तसाच राहिला. मग त्यानं तिसरी झाडली.

"जा, मोज," तो म्हणाला. "आणि खरं सांग."

इंगा पुठ्ठ्यापाशी गेली. तिनं टेप दोनदा लावली. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर साडेअकरा इंच भरलं.