साखळी खरवडलेली फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो, उंबुरानाच्या लाकडाची. शेळ्यांच्या गोठ्याचं दार लागत नाही म्हणून मला तिथे टेकवून ठेवलंय. हसू नका. ब्राझीलच्या या कोरड्या मुलखात, जत्रेत दोरीवर टांगून विकतात त्या गाण्याच्या पोथ्यांवर, मला शाई फासून उठवलेलं चित्र छापलेलं असे.

त्या पोथ्या लिहिणाऱ्या ओतासिलिओनेच मला कोरलं. हात सोन्याचा, काळीज बाभळीचं. माझ्यावर आग ओकणारा अजगर, मनगटात साखळी घातलेली राजकन्या आणि तोंड फिरवून उभा असलेला राजा. राजाने म्हणे ती जन्मायच्या आधीच तिला अजगराला कबूल केलेली! या अद्भुत कथांची ही खोडच आहे. राक्षस एवढा थोरला करायचा, की बापाचं पाप त्याच्या सावलीत झाकून जावं.

ओतासिलिओनेही तेच केलं होतं. बायको बाळंतपणात अडली तेव्हा तो संताला नवस बोलला, "पोर जगलं तर मठात देईन." पोर जगली. जुसेलिया. आता ती मोठी झाली होती, आणि सोमवारी तिला न्यायला मठाची गाडी यायची होती.

त्याआधीच्या शनिवारी जुसेलिया बाजारात पोथी गात होती. आमच्याकडची रीत अशी, की ऐन रंगात गाणं थांबवायचं. शेवट हवा त्याने पोथी घ्यावी. अजगराने जबडा उघडला आणि ती थांबली.

"अगं, पुढं काय?" घेवडे विकणारी इरासेमा ओरडली.

"बाबांनी लिहिलंय, ती मान खाली घालून जाते."

"शी! राजाचे काय पाय मोडले होते? त्याने जायचं की!"

बाजार खो खो हसला. ओतासिलिओ लालबुंद झाला. "शब्द म्हणजे शब्द! तिच्या नशिबातच लिहिलं होतं!"

"नशिबाने नाही, बाबा, तुम्ही लिहिलंत," जुसेलिया म्हणाली. "तुमचं अक्षर मी ओळखते."

घरी येऊन तिने बापाचीच सुरी घेतली आणि माझ्यावरची साखळी खरवडून काढली. दुखलं मला. पण लाकडातून गेलं ते गेलं, पुन्हा भरता येत नाही. मग बोचकं उचलून, मठाच्या उलट्या वाटेने जाणाऱ्या ट्रकमध्ये ती बसली.

ओतासिलिओने मला चुलीत घातलं. कोपरा जळाला, तेव्हा त्यानेच मला ओढून काढलं. मायेने नाही हो! राजा जळायला लागला होता म्हणून.

लेकीचं नाव तो आजही घेत नाही. न घेऊ दे. त्याच्या नावाने तीही कुठे रडत बसलीय?

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, एवढं मागते. आणि नवस बोलायचा झाला, तर स्वतःच्या अंगावर बोला. दुसऱ्याचं मनगट पुढे करू नका.