तिसरी पायरी

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. गंजून माझा पत्रा पार पातळ झालाय, आणि बोलायला गेलो की नुसती खरखर होते. तरी ऐका.

ढाक्यातल्या एका कारखान्यात मी घडलो आणि नावेतून जमुना नदीतल्या एका चरावर, म्हणजे वाळूच्या बेटावर आलो. तिथल्या मशिदीच्या बांबूवर मला चढवलं. माझ्यातून अजान व्हायची, हरवलेल्या शेळीचा रंग सांगितला जायचा, कुणी वारलं तर त्याचं नाव. पुढे उपग्रह आकाशातून नदी पाहू लागले. पूर अजून डोंगराकडे असतानाच अजान देणारे मुअज्जिन सोलेमान मुन्शी यांच्या फोनवर निरोप येई आणि माझ्या तोंडून साऱ्या चराला कळे. केवढा मान होता माझा! बायका म्हणायच्या, "भोंगा बोलला की गाठोडं बांधायचं, बाई!"

निरोपात सेंटिमीटर असत. ते कुणाला कळणार? म्हणून पाणी मशिदीच्या कितव्या पायरीला लागेल, ते मुन्शी सांगत. चराची तीच रीत होती.

मग नदीने मशिदीखालची जमीन खाल्ली. लोकांनी पत्रे, खांब आणि मला उचलून मशीद उंचवट्यावर नेली. तिथे नव्या पायऱ्या बांधल्या.

त्या श्रावणात निरोप आला. मुन्शी माझ्यातून म्हणाले, "पाणी तिसऱ्या पायरीला लागणार. नावा आल्यात, निघा!"

नावा भरल्या. हालिमन चाची मात्र गोठ्यातून हलेना. तिची धोली गाय कळा देत होती, नावेत चढेना.

"चाची, चला की!" शेजारची रोशेना ओरडली.

"अगं, तिसरी पायरीच ना? तेवढ्या पाण्याने माझं अंगण कधी भिजलंय का? धोलीला अशी टाकून येऊ होय?"

"बघा हं, मग हाका मारू नका!"

"नाही मारत, जा!" चाची हसली.

रोशेनाने नावेत हे सांगितलं आणि मुन्शींचा चेहरा उतरला. "या अल्ला! ही जुनी पायरी धरून बसलीय!" जुनी मशीद सखल जागी होती. नवीची तिसरी पायरी चाचीच्या घराच्या वळचणीएवढी उंच होती.

मुन्शी धावत माझ्याकडे आले. "चाची, नवी पायरी! नवी! निघा!" मी जीव तोडून ओरडलो. पण पाणी येऊन ठेपलं होतं, त्याच्या आवाजापुढे माझं काही चाललं नाही. मग बॅटरी भिजली.

पूर ओसरल्यावर वासरू सापडलं, घरातल्या मचाणावर, चाचीच्या साडीने खांबाला बांधलेलं. धोली गेली. चाचीचा देह प्रवाहात खूप खाली, दुसऱ्या चराला लागला. तिचं नाव मुन्शींनी माझ्यातूनच सांगितलं. त्यानंतर मी कधी नीट बोललो नाही.

आता नवा भोंगा आलाय. पाणी सांगायला आता पायरी नाही, घराघराच्या खांबावर पुराची लाल रेघ आहे, घर हलवलं की ती नव्याने मारतात. रोशेना ते वासरू चरायला नेते, पण माझ्याकडे वर बघत नाही.

मित्रांनो, आकाशातून आलेला निरोप खरा होता, वेळेवरही होता. तो शेवटच्या घराला कळला का, तेवढं दारात जाऊन बघा. आणि कुणी हसून "जा" म्हणालं, तर जाऊ नका. हाताला धरून न्या.