शून्यापुढच्या दोन रेघा

बॅगा तोलायच्या काट्याला काहीच अडकवलेलं नव्हतं, तरी सुई शून्यावर नव्हती. शून्यापुढे दोन रेघा सरकून ती थांबली होती. एक रेघ दोनशे ग्रॅमची. म्हणजे काही नसताना चारशे ग्रॅम. तिने काट्याला टिचकी मारली, तो उलटा करून पुन्हा सरळ धरला. तीनदा केलं. तिन्ही वेळा सुई त्याच जागी आली.

"हा काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतोय," ती म्हणाली.

हॉटेलच्या खोलीत नवरा बुटाची लेस बांधत होता. त्याची धाकटी बहीण आरशासमोर नवी टोपी पुढून-मागून घालून बघत होती. तिचा नवरा, ज्याला घरात सगळे मॅनेजर म्हणत, मोबाइलवरचा दिवसाचा तक्ता वाचून दाखवत होता. "साडेनऊ, बाजार. बारा, मनोरा. दीड, जेवण. तीन, वहिनींचं पाणी. साडेपाचला खोलीवर, सातला विमानतळाची गाडी. उशीर करणाऱ्याला इथंच सोडून जाणार!"

"वहिनी, एवढ्या लांब येऊन नळ बघायचा?" नणंद आरशातूनच म्हणाली. "घरी कमी बघतेस का?"

सगळे हसले. तीही थोडं हसली आणि काटा तिने टेबलावर ठेवला.

पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिला एकोणीस वर्षं झाली होती. या शहरात नदीपलीकडे एक जुनं जलशुद्धीकरण केंद्र होतं, आता त्याचं संग्रहालय केलेलं. पाणी गाळायचे वाळूचे हौद, पितळी मीटर, आणि त्या काळची प्रयोगशाळा जशीच्या तशी. सहलीचं ठरलं तेव्हा तिने एवढंच मागितलं होतं.

दुसरीही एक गोष्ट तिला हवी होती, पण ती सहलीच्या तक्त्यात बसणारी नव्हती. घरापासून आठ तासांवरच्या गावात नवी प्रयोगशाळा सुरू होत होती आणि तिची प्रमुख म्हणून हिला बोलावलं होतं. पत्र येऊन सात आठवडे झाले होते. उत्तराची मुदत सोमवारी संपत होती आणि आज शनिवार होता. चार वर्षांपूर्वी असंच एक पत्र आलं, तेव्हा मुलाची दहावी होती. ती नाही म्हणाली होती. आता मुलगा वसतिगृहात राहत होता आणि नवऱ्याला कारण सापडत नव्हतं, म्हणून तो नुसता वेळ मागत होता. आधी "सहल होऊ दे, मग शांतपणे बोलू." इथे आल्यावर "आता कुठे ते? फिरायला आलोय ना आपण?"

बाजारात नणंदेने पर्स घेतली, बूट घेतले, चॉकलेटचे चार डबे घेतले. मॅनेजरने दिवाणखान्यासाठी एक धातूचा घोडा घेतला. प्रत्येक खरेदीनंतर एकच प्रश्न यायचा, "वहिनी, तुझ्या बॅगेत जागा आहे ना?"

जागा होती. ती चार ड्रेस आणि एक स्वेटर घेऊन आली होती. या घराच्या सगळ्या सहलींत असंच चालायचं. जी कमी आणेल तिने उरलेल्यांचं वाहायचं.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी जुन्या वस्तू मांडून बसली होती. तिथे हिला काचेचं एक मापपात्र दिसलं. जाड काच, तळाला पितळी कडं, हाताने कोरलेल्या रेघा. तिने ते उजेडात धरून रेघांमधली अंतरं पाहिली. एक जरा चुकली होती, बाकी सगळ्या चोख. म्हातारीने ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

"हे लोटकं कशाला?" नवरा म्हणाला. "तुझ्या लॅबमध्ये ढिगाने असतील."

"असं नाहीये."

मनोऱ्याच्या रांगेत तासभर गेला. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि नणंद गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"बरं झालं बाई, तू त्या नोकरीला नाही म्हणालीस," ती सहज म्हणाली. "आईला पहिल्या तारखेलाच आणून सोडते तुमच्याकडे. माझ्याकडे तीन वर्षं झाली, आता तुमची पाळी."

हिला वाटलं, आपण काहीतरी गाळून ऐकलं. "कोण म्हणालं, मी नाही म्हणाले?"

"दादाच म्हणाला. महिना झाला की."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मनोऱ्याच्या टोकाकडे बघत होता.

"अगं, विषय निघाला म्हणून बोललो," तो म्हणाला. "नाहीतरी तू नाहीच म्हणणार होतीस."

"मी कधी म्हणाले?"

"मागच्या वेळी म्हणालीस ना? हळू बोल, लोक बघताहेत."

"बघू देत. कुणाला कळतंय इथं आपलं?" मॅनेजर म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मग त्याने सगळ्यांना जवळ ओढून फोटो काढला. फोटोत चौघंही हसत होते. तिने नंतर नीट पाहिलं, तीसुद्धा.

वरून नदीपलीकडची विटांची धुराडी दिसली. ती त्या केंद्राचीच होती. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं, तरी ती मोजत उभी राहिली. दोन मोठी, एक अर्धी पडलेली.

जेवण लांबलं. मग नणंदेला पर्सचा रंग बदलून हवा झाला, आणि त्या दुकानात एक सोडून तीन रंग निघाले. केंद्राच्या फाटकाशी पोचले तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. पाटीवर शेवटच्या प्रवेशाची वेळ साडेतीन होती. पहारेकऱ्याने पाटीकडे बोट केलं, मान हलवली आणि कुलूप लावलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

गजांतून एक लांब खिडकी दिसत होती. आत फळीवर काचपात्रांची ओळ होती, उंचीप्रमाणे लावलेली. ती गज धरून बघत राहिली.

"बाहेरून तर दिसलं ना?" नवरा म्हणाला. "चल, सगळ्यांचे पाय दुखताहेत."

साडेपाचला खोलीवर आल्यावर, काटा एकच असल्याने सगळ्यांच्या बॅगा एकाच पलंगाभोवती जमल्या. विमानात माणशी तेवीस किलो. तिची बॅग सगळ्यात शेवटी आली, कारण उरलेलं सगळं तिच्यात कोंबायचं होतं. नवऱ्याने ती काट्याला अडकवून दोन्ही हातांनी उचलून धरली.

"तेवीस आणि वर दोन रेघा," मॅनेजरने वाचलं. "चारशे ग्रॅम काढा."

नवऱ्याने बॅग खाली ठेवून चेन उघडली. त्याचा हात घोड्यावरून गेला, बुटांवरून गेला, डब्यांवरून गेला आणि वर्तमानपत्राच्या पुडीवर थांबला. त्याने ती पुडी बाहेर काढून कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली.

"हे राहू दे इथंच. सफाईवाली नेईल."

"काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतो," ती म्हणाली.

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सकाळी सांगितलं होतं."

कुणालाच आठवेना. मॅनेजरने काटा बॅगेपासून सोडवून रिकामा धरला. सुई शून्यापुढच्या दुसऱ्या रेघेवर होती. चौघांनीही पाहिलं.

"अरे, हो की!" मॅनेजर म्हणाला.

"बघा, घरात शास्त्रज्ञ असल्याचा फायदा," नवरा हसत म्हणाला. "घे गं, ठेव तुझं लोटकं."

तिने पुडी उचलली, सोडून पाहिली. काच शाबूत होती. तिने ती स्वेटरमध्ये गुंडाळली. मग बॅगेतून घोडा काढून पलंगावर ठेवला. मग बूट, मग चॉकलेटचे डबे, एकावर एक.

"वहिनी, हे काय चाललंय? आमच्या बॅगा भरल्यात!"

"तुमचं तुम्ही घ्या."

"अगं, आता गाडी यायच्या वेळेला कसला राग काढतेस?" नवरा म्हणाला. "घरी गेल्यावर बोलू ना शांतपणे."

बॅगेत चार ड्रेस आणि एक जाड झालेला स्वेटर उरला होता. तिने चेन लावली. काट्याचं सांगितलं होतं त्याच आवाजात ती म्हणाली, "मी सोमवारी होकार कळवतेय. एक तारखेला तिकडे रुजू होणार, एकटी. आईंचं काय करायचं, ते तुम्ही दोघं भावंडं ठरवा."