उघाडीचं नाव

कासूच्या खाडीवरल्या उघाडीवरून वरची वाडी आणि खालची वाडी पूर्वीही भांडायची. भरतीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला सोडायचं, त्यासाठी बांधात बसवलेलं ते फळ्यांचं दार. तिथे जाळं लावलं की टोपलीभर कोळंबी. भांडण फार पेटलं की दोन्हीकडचे म्हाताऱ्या गुणाजीकडे जात. तो सांगायचा, एक उधाण तुमचं, एक त्यांचं. तेवढ्यावर मिटायचं.

यंदा आपल्या पाळीला वरच्या वाडीचा कान्हू जाळं आणि फावडं घेऊन गेला, तर खालच्या वाडीचा काळुराम कोयता घेऊन आधीच उभा. काळुराम म्हणजे कान्हूच्या बायकोचा, चंद्रावतीचा, सख्खा भाऊ. त्याने फोनमधला नकाशा पुढे धरला.

"वाचा भावजी. सर्च केलं की काय येतं? खालच्या वाडीची उघाडी."

"कोनी लिवलं ते?"

"कोनी का लिवंना. अमेरिकेत बसून शोधलं तरी हेच येनार."

कान्हूने गुणाजीला बोलावून आणलं. मागोमाग चंद्रावती आणि वाडीतली चारदोन माणसंही आली.

"काळ्या, तुझ्या बापाला पाळी मीच लावून दिली व्हती," म्हातारा म्हणाला.

"कुठं लिवलंय? दाखव ना!" काळुराम ओरडला आणि त्याने म्हाताऱ्याला छातीवर ढकललं. गुणाजी उलटा उघाडीच्या दगडावर आपटला. परत उठला नाही. कानातून रक्त बांधावर आलं.

कान्हूने फावडं फिरवलं. पहिला घाव कोयत्याच्या मुठीवर बसला. कोयता चिखलात पडला, सोबत दोन बोटं. दुसरा खांद्यावर. काळुराम कोसळला तसा कान्हू त्याच्या पाठीवर बसला आणि त्याचं तोंड चिखलात दाबलं. पाय झाडणं मंदावत चाललं होतं ते त्याला मांड्यांना कळत होतं, आणि तरी तो दाबतच होता. लोक ओरडत होते, एकजण व्हिडिओ घेत होता. शेवटी चंद्रावतीने त्याच्या मनगटाचा लचका तोडला तेव्हा कुठे हात सुटला.

गुणाजी अलिबागच्या दवाखान्याच्या वाटेवरच गेला. काळुराम वाचला.

कान्हूचा जबाब घेताना हवालदाराने विचारलं, "उघाडी कोणाची?"

"दोघांची."

हवालदाराने फोनमध्ये बघितलं आणि कागदावर खालच्या वाडीची उघाडी असं लिहिलं. पाळीचं सांगणारा मेला होता.

पावसाळ्यानंतर दोघेही जामिनावर सुटले. पेणच्या कोर्टाबाहेर समोरासमोर आले. चंद्रावती मधे उभी.

"नकाशात नाव आमच्या पोरानं, सुशीलनं टाकलंतं," काळुराम खाली बघत म्हणाला. "गंमत म्हनून. आता काढाया जातो तर निघत नाय. लाखभर लोकांनी ती मारामारी बगितली. ते नाव टाकूनच शोधतात."

"गंमत म्हनून?"

"व्हय."

काळुराम उरलेल्या तीन बोटांनी शर्टाचं बटण लावू बघत होता. जमत नव्हतं. चंद्रावती पुढे झाली, तिने बटण लावलं.

कान्हूचा हात शिवशिवला. त्याने तो बायकोच्या खांद्यावर ठेवला आणि घट्ट आवळला.

"अवो, दुखतंय," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं, पण बोटं सैल होईनात.